खबर कोणाची, खबरदार कोण?

गेल्या वर्षभरात आमच्या घरात एक नवा शब्द रुळला आहे, तो म्हणजे डॅशबोर्ड. माझ्या बहिणीचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात 'सिस्टीम' बघतो. मोटारींसाठी पत्र्याचे भाग प्रेसवर दाबून काढणारा हा मध्यम आकाराचा कारखाना आहे. नाव सांगण्याचं कारण नाही, चाकण-भोसरी पट्ट्यात असे शेकड्यांनी आहेत. मालकांनी त्याला सांगितलं की कुठलं मशीन चालू आहे, कुठलं बंद आहे आणि किती माल निघाला, हे सगळं मला मोबाइलवर दिसलं पाहिजे, मी पुण्यात असो की दुबईत. भाच्याने ते काम अंगावर घेतलं आणि बरंचसं आमच्या चऱ्होलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, रात्री बसून केलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. बी.एड. केलं तेव्हा संगणक म्हणजे शाळेतली कुलूपबंद खोली होती. पण घरात एखादी गोष्ट चालली आहे आणि आपल्याला कळत नाही, हे मला सहन होत नाही. "खाला, हे तुम्हाला कशाला?" असं तो दोन-तीनदा म्हणाला. मग समजावून सांगू लागला. सातवीच्या वर्गाला समजेल असं सांग, ही माझी अट होती.

हे लिहिण्याचं कारण मात्र तंत्राची हौस नाही. एका टप्प्यावर हे काम तंत्राचं राहिलंच नाही. आणि माझे जे वाचक आहेत, त्यांच्या घरातली मुलं भोसरीत, चाकणला, तळेगावला कामाला आहेत. त्यातली काही असे बोर्ड बनवतात आणि बरीचशी त्या बोर्डावर दिसतात. दोघांनाही हे माहीत असायला हवं असं वाटलं.

आधी शब्द. डॅशबोर्ड म्हणजे मूळची घोडागाडीची फळी. घोडा धावताना टापांनी चिखल उडवतो, तो गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली. मोटार आली, घोडा गेला, फळी राहिली. तिच्यावर वेग आणि इंधन दाखवणारी घड्याळं बसली. आता मोटारही गेली आणि नुसती घड्याळं उरली, ती संगणकाच्या पडद्यावर. चिखल अडवणाऱ्या फळीचा असा सगळं दाखवणारा पडदा झाला.

दुसरा शब्द क्लाउड. यात ढगासारखं काही नाही. कुणाच्या तरी मोठ्या इमारतीत ठेवलेला संगणक आपण भाड्याने घेतो, एवढंच. त्या इमारतीला वीज लागते, गारवा लागतो, जनरेटर लागतात. हा ढग आपल्यापासून फार लांबही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात जी पहिली केंद्रं उघडली त्यातलं एक पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत उघडलं. भाच्याने मुंबईचं घेतलं. दोन जीबी मेमरीचं छोटं यंत्र, महिन्याच्या भाड्याने. कारखान्याची माहिती देशाबाहेर जाऊ नये आणि पडदा पटकन उघडावा, ही त्याची कारणं होती.

त्या भाड्याच्या यंत्रावर त्याने दोन मुख्य गोष्टी बसवल्या. दोन्ही फुकट मिळतात आणि जगभर वापरतात. पहिली प्रोमीथियस. २०१२ मध्ये साउंडक्लाउड या गाण्यांच्या कंपनीत ती सुरू झाली. नाव ग्रीक कथेतलं, देवांकडून आग चोरून माणसांना देणाऱ्याचं. दुसरी ग्राफाना. टॉर्केल ओडेगार्ड नावाच्या स्वीडिश माणसाने २०१४ मध्ये ती सुरू केली. प्रोमीथियस आकडे गोळा करून ठेवतो आणि ग्राफाना त्या आकड्यांची चित्रं काढते. रेषा, चौकोन, लाल-हिरवे रंग, हे सगळं ग्राफानाचं.

आकडे गोळा करण्याची प्रोमीथियसची पद्धत मला फार आवडली, कारण ती आमच्या हजेरीसारखी आहे. वर्गात हजेरी दोन प्रकारे घेता येते. मुलांनी येऊन आपापलं नाव सांगायचं, किंवा बाईंनी नाव पुकारायचं आणि मुलाने 'हाजिर' म्हणायचं. पहिल्या पद्धतीत जो आला नाही तो लक्षात येत नाही, कारण न आलेला काही बोलतच नाही. दुसऱ्या पद्धतीत नाव पुकारल्यावर शांतता झाली की कळतं. प्रोमीथियस नाव पुकारतो. भाच्याने दर पंधरा सेकंदांनी पुकारायला लावलं आहे, म्हणजे दिवसातून ५७६० वेळा. प्रत्येक मशीनला विचारायचं, किती ठोके झाले? तू चालू आहेस का? आणि उत्तर वेळेसह लिहून ठेवायचं.

अडचण अशी की मशीन कारखान्याच्या भिंतीच्या आत आणि पुकारणारा मुंबईत. बाहेरून कुणीही आत डोकावू शकेल असं दार कारखान्याला ठेवायचं नव्हतं. म्हणून त्याने एक छोटा प्रोमीथियस कारखान्यातच बसवला. तो आतल्या आत हजेरी घेतो आणि वही मुंबईला पाठवत राहतो. नेट गेलं तर वही थोडा वेळ आतच जमा होते, नेट आलं की वर जाते. चाकणला नेट जाणं ही रोजची गोष्ट, त्यामुळे ही सोय फार कामाची ठरली.

सुरक्षेची गोष्टही त्याने सांगितली, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ग्राफाना नवी बसवली की नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन' असतो, पहिल्यांदा आत शिरल्यावर ती बदलायला सांगते. तिची दाराची संख्या, ज्याला पोर्ट म्हणतात, ३००० ही सगळ्या जगाला माहीत आहे. अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. म्हणून पासवर्ड पहिल्या मिनिटाला बदलायचा, दार थेट रस्त्यावर उघडायचं नाही, आणि जाणारं-येणारं बोलणं सांकेतिक लिपीत असायला हवं. घर बांधून झाल्यावर कडी लावू म्हणणारे फसतात, असं तो म्हणाला.

एक गोष्ट मला भाषेची शिक्षिका म्हणून भावली. पडद्यावर एखाद्या मशीनसमोर शून्य दिसलं, तर मशीन बंद आहे असं कळतं. पण मशीनपर्यंत पोचताच आलं नाही, तर शून्य दाखवून चालत नाही. तिथे 'माहिती नाही' असंच दाखवावं लागतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि घाईत बनवलेल्या बोर्डावर त्या एकच होऊन जातात. अरबीत 'सिफ्र' म्हणजे रिकामं. त्यावरून उर्दूतला सिफर आला, आणि हाच शब्द युरोपात जाऊन एकीकडे 'झीरो' आणि दुसरीकडे गुप्त लिपीचा 'सायफर' झाला. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. 'माहिती नाही' म्हणजे मोजलंच नाही. वर्गात परीक्षेला शून्य मिळवणारा मुलगा आणि परीक्षेला न आलेला मुलगा यांना आपण एकाच रकान्यात टाकत नाही, तसंच.

मग आला इशारा. नुसता पडदा असून भागत नाही, चोवीस तास त्याकडे बघणार कोण? काही बिघडलं की पडद्यानेच फोन करायला हवा. भाच्याने नियम लिहिला, मशीन पाच मिनिटं सलग थांबलं तर मला आणि सुपरवायझरला कळवा. एका बुधवारच्या रात्री, तिसरी शिफ्ट संपता संपता, घरात फोन वाजायला लागला तो थांबेचना. एकामागून एक सगळी मशीन बंद. भाचा उठून बसला, बहीण उठली, मी उठले. काय झालं? आग लागली? संप? मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो हसायला लागला. उद्या गुरुवार. आपल्याकडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या लहान मुलाला माहीत आहे. पण स्वीडनच्या माणसाने लिहिलेल्या ग्राफानाला ते कसं माहीत असणार? गुरुवारी गप्प राहा, हे तिला वेगळं शिकवावं लागलं. त्याची सोय तिच्यात आहे, पण शिकवणारा इथला हवा.

त्यानंतरही महिनाभर फोन वाजत राहिला. डाय बदलायला मशीन थांबलं, वाजला. चहाची सुट्टी झाली, वाजला. दहादा खोटा वाजलेला फोन अकराव्या वेळी माणूस उचलत नाही. त्या महिन्यात बहिणीची झोप उडाली आणि मुलगा चिडचिडा झाला. आता त्याने वाजण्याचे प्रसंग बोटावर मोजण्याइतके ठेवले आहेत. जे कळल्यावर रात्री उठून खरोखर काहीतरी करावं लागेल, तेवढ्यासाठीच फोन. बाकी सगळं सकाळी पडद्यावर बघायचं.

या सगळ्यात मला एक गंमत दिसत होती. देखरेखीची आपली मराठी भाषा बघा. हजेरी, इशारा, नजर, निगराणी, खबर, तपशील. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीने इतके आपलेसे केले आहेत की कुणाला परके वाटत नाहीत. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. वाकनीस हे पद त्यातलंच. 'वाकिआ' म्हणजे घडलेली गोष्ट आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. अष्टप्रधानांत त्याचा 'मंत्री' झाला. घडलेलं वेळेवर लिहून ठेवणारा माणूस राज्याला तेव्हाही लागत होता. माझा भाचा तेच करतो, फक्त त्याचा वाकनीस दर पंधरा सेकंदांनी लिहितो.

त्यातला 'खबरदार' हा शब्द मी वर्गात नेहमी शिकवते. मराठीत तो धमकीचा झाला आहे, 'खबरदार, पुढे आलास तर!' मूळ फारसी अर्थ साधा आहे. ज्याच्याजवळ खबर आहे तो खबरदार, म्हणजे जाणता, सावध. ज्याच्याकडे खबर असते तोच दुसऱ्याला 'खबरदार' म्हणू शकतो. या शब्दाचे दोन्ही अर्थ माझ्यासमोर एका रविवारी एकदम आले.

बोर्ड नीट चालू झाल्यावर मालक खूश झाले. मग त्यांनी पुढचं काम सांगितलं. प्रत्येक ऑपरेटर शिफ्टला मशीनवर आला की कार्ड टेकवतो. ती नावं आपल्याकडे आहेतच. तर आता नावानिशी यादी लावा. कोण किती मिनिटं मशीनवर नव्हता, ते दर आठवड्याला. सगळ्यात खालचे पाच लाल रंगात. आणि ती यादी शॉपमध्ये टीव्हीवर लावा.

तांत्रिकदृष्ट्या हे पंधरा मिनिटांचं काम. एक रकाना वाढवायचा आणि क्रम लावायचा. भाच्याने घरी बसून ते करून बघितलं. यादी तयार झाली. ती त्याने मला दाखवली आणि काही बोलला नाही.

लाल पाचांत एक नाव आमच्या ओळखीचं होतं. त्या लाइनवरचा चांगला ऑपरेटर, वक्तशीर, अनेक वर्षं जुना. तो खाली कसा? कारण शुक्रवार. जुम्याच्या नमाजाला तो जवळच्या मशिदीत जाऊन येतो, तेवढा वेळ लाइनवरचा सेटर त्याच्या प्रेसवर उभा राहतो. सेटर माळकरी आहे, आळंदीचा. आषाढीला माउलींची पालखी निघते आणि कार्तिकीला आळंदी भरते, त्या दिवसांत हा ऑपरेटर सेटरची जास्तीची पाळी काढतो. हे कुणी लिहून दिलेलं नाही. साहेबांना विचारून ठरलेलंही नाही. दोन माणसांनी आपसांत लावून घेतलेलं आहे आणि वर्षानुवर्षं चाललं आहे.

आता बघा, मशीनच्या पडद्यावर शुक्रवारच्या त्या वेळेत काय दिसतं? काहीच नाही. ठोके चालू, माल चालू, रेषा सरळ. कारखान्याचं एका पैचंही नुकसान नाही. पण तीच माहिती नावाने लावली की ऑपरेटर गैरहजर दिसतो, आणि त्याच्या जागी उभा राहणारा सेटर कुठेच दिसत नाही, कारण प्रेसवर कार्ड टेकवणं हे त्याचं काम नाही. एकाला शिक्षा होते, दुसऱ्याला श्रेय मिळत नाही. यादीत दुसरा एक जण होता, वयस्कर, साखरेचा आजार असलेला, ज्याला लघवीला वारंवार जावं लागतं. त्याच्याही मशीनची रेषा ठीक होती.

हे केवळ आपल्या नमाजाचं गाऱ्हाणं म्हणून वाचू नका, अशी विनंती आहे. यादीतल्या पाचांत मुसलमान एकच होता. मला खुपलं ते हे, की मोजणारा पडदा खोटं बोलत नव्हता. प्रत्येक मिनिट खरं होतं. तरी यादी खोटी होती.

भाच्याचे वडील, माझे मेहुणे, भोसरीत प्रेस ऑपरेटर होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसने घेतली होती. मुलगा त्या हाताकडे बघत मोठा झाला. त्या रात्री तो एवढंच म्हणाला, "अब्बा असते तर यादीत असते."

पण त्याची अडचणही खरी होती. बाप गेल्यावर घरात कमावणारा तो एकटा. फ्लॅटचा हप्ता चालू आहे. करार दर वर्षी नवा होतो आणि तो महिना जवळ आला होता. त्याला एक पळवाट सुचली. प्रोमीथियसमध्ये फार वेगवेगळी नावं लेबल म्हणून टाकली तर तो जड होतो, असा एक तांत्रिक नियम आहे. तो पुढे करून 'सर, हे या सिस्टीममध्ये होत नाही' असं सांगायचं. मालकांना कळणार नाही.

मी नको म्हणाले. एक तर कारखान्यात माणसं दीड-दोनशे, तेवढ्या नावांनी काही जड होत नाही, हे त्यालाही माहीत होतं. दुसरं, उद्या कुणी दुसरा पोरगा येऊन पंधरा मिनिटांत करून दाखवेल, मग तुझा शब्द कशाला उरेल? 'होत नाही' म्हणू नकोस. 'होतं, पण करू नये असं मला वाटतं' असं म्हण, आणि का ते आकड्यांनी दाखव. बोलायला सोपं, मला माहीत आहे. हप्ता माझ्या डोक्यावर नव्हता.

त्या आठवड्यात मी त्याला दोन जुन्या गोष्टी सांगितल्या, म्हणजे एक मी सांगितली आणि एक त्याने मला.

माझी गोष्ट कैरोची. नाईल नदीत रोडा नावाचं बेट आहे. तिथे अब्बासी खलिफा मुतवक्किलच्या काळात, इ.स. ८६१ मध्ये, नदी मोजण्याचं यंत्र बांधलं गेलं. खोल दगडी विहीर, नदीशी भुयारांनी जोडलेली, आणि मधोमध हाताच्या मापाच्या खुणा कोरलेला खांब. अरबीत त्याला मिकयास म्हणतात. पाणी सोळा हात चढलं की पीक चांगलं येणार आणि शेतसारा पूर्ण घ्यायचा, असा हिशेब. कमी चढलं तर दुष्काळाची भीती. पुराच्या दिवसांत पाणी रोज किती चढलं ते शहरात पुकारून सांगत. म्हणजे मोजमाप, मर्यादा आणि इशारा, तिन्ही गोष्टी अकराशे वर्षांपूर्वी तयार होत्या. पण फातिमी खलिफा मुइज्जने पाणी सोळा हात होईपर्यंत पुकारायला बंदी केली. कमी आकडा ऐकला की लोक घाबरत, धान्य दडवलं जाई, भाव चढत. कारण वाईट नव्हतं. तरी एवढं दिसतं, की पाणी किती हा एक प्रश्न आणि ते कोणाला सांगायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खांब देतो, दुसऱ्याचं माणूस देतो.

त्याची गोष्ट जपानची. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर 'अँडॉन' असतो. अँडॉन म्हणजे कागदी कंदील. कामगाराला काही चुकतंय असं वाटलं की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, मदतीला माणूस धावतो, आणि वेळेत सुटलं नाही तर सगळी लाइन थांबते. आज जगभर कारखान्यांत जे दिवे आणि बोर्ड दिसतात, त्यांच्या पूर्वजांपैकी हा एक. पण त्यात दोरी कामगाराच्या हातात होती. खबर देणारा तो होता. आपल्याकडे बोर्ड आला तेव्हा दिवा आला आणि दोरी बहुतेक ठिकाणी राहून गेली.

भाच्याने मग घाई केली नाही. नावांची यादी बाजूला ठेवली आणि आधी मशीनचा हिशेब नीट करतो, दोन आठवडे द्या, असं सांगून वेळ मागून घेतला. प्रत्येक प्रेसजवळ एक साधा टॅब लावला. मशीन थांबलं की कारण निवडायचं. डाय बदल, कॉइल नाही, वीज, मेंटेनन्स, तपासणीची वाट, इतर. कारण निवडायला नाव लागत नाही. सुरुवातीला सगळे 'इतर' दाबायचे. कारण सांगितलं की आपल्यावर येतं, अशी सवय. सेटरने पुढाकार घेतला, मग इतरांनी. पंधरवड्यात चित्र उभं राहिलं. थांबण्याच्या वेळेतला सगळ्यात मोठा तुकडा डाय बदलण्यात जात होता. त्याच्या खालोखाल कॉइलची वाट बघण्यात. माणूस जागेवर नाही म्हणून थांबलेलं मशीन शोधावं लागत होतं.

हे घेऊन तो मालकांसमोर बसला. यादी बनवता येते, मी बनवून पाहिली आहे, हेही सांगितलं. आणि पाचांतल्या प्रत्येकाच्या मशीनची रेषा दाखवली. मालक वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावर मोठ्या गाडीकंपनीचा धाक असतो, माल वेळेवर गेला नाही आणि त्यांची लाइन थांबली तर दंड बसतो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "डाय बदलायचा वेळ कमी करून दाखवा, नावांचं सहा महिन्यांनी बघू." शॉपमध्ये टीव्ही लागला, त्यावर नावं नाहीत. मशीन, ठोके आणि थांबण्याचं कारण. मालकांच्या मोबाइलवर जे दिसतं, तेच खाली कामगारांना दिसतं. त्याच टॅबवर 'मदत हवी' असं एक बटण भाच्याने जोडलं. ते दाबलं की सुपरवायझरचा फोन वाजतो. हा फोन मात्र त्याने गुरुवारीही बंद ठेवलेला नाही, कारण मेंटेनन्सची माणसं त्या दिवशी असतात.

म्हणजे जिंकलो असं नाही. सहा महिने संपत आले आहेत. कार्डांची माहिती वेळ-कार्यालयात पूर्वीसारखीच साठते आहे आणि यादी पंधरा मिनिटांवर आहे. कायद्याचा आधार शोधला. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला, पण नोकरीच्या कामासाठी मालकाने माहिती वापरली तर दर वेळी कामगाराची संमती लागत नाही, अशी सवलत त्यातच आहे. कायदा या ठिकाणी फार दूरवर सोबत करत नाही. डाय बदलायचा वेळ कमी झाला आहे, भाच्याचा करारही वाढला आहे. पुढचं बोलणं त्याला पुन्हा करावं लागेल, आणि तेव्हा मी शेजारी नसेन.

शाळेतही हे आलेलं आहेच. मुलांची हजेरी, पोषण आहार, गुण, सगळं ऑनलाइन चढतं आणि वर कुठेतरी त्याचे रंगीत चौकोन होतात. त्याला माझा विरोध नाही. हजेरीच्या आकड्यावरूनच घसरत चाललेली मुलगी वेळेत लक्षात येते, हे मी अनुभवाने सांगते. पण चौकोन लाल झाल्यावर कुणीतरी तिच्या घरी जावं लागतं. अम्मी आजारी आहे, लहान भाऊ सांभाळायला कुणी नाही, हे कारण निवडायला त्या पडद्यावर बटण नाही.

म्हणून, तुमच्या कामाच्या जागी असा बोर्ड लागणार असेल तर घाबरू नका, पण काही गोष्टी विचारा. बोर्ड मशीन मोजतो की माणूस? थांबण्याचं कारण सांगायला आम्हाला जागा आहे का? साहेबांना जे दिसतं ते आम्हालाही दिसेल का? माहिती किती दिवस ठेवणार? आणि आम्हाला अडचण आली तर दोरी ओढायची सोय आहे का? आणि बोर्ड बनवणारे तुमच्या घरचे असतील तर त्यांच्याशी आताच बोला, यादी मागितली जाण्याआधी. माझ्या भाच्याकडे तेव्हा दोन आठवडे होते. सगळ्यांना तेवढे मिळतात असं नाही.